सहावी सॅक

मे महिन्यातल्या एका रणरणत्या दुपारी अभिमन्यू सर सहा नव्याकोऱ्या सॅक घेऊन सुकन्याच्या दुकानात आले. सोलापुरात सात रस्त्याच्या मागच्या बोळात तिचं दुकान होतं, आठ बाय दहाचं. शाळेची दप्तरं, प्रवासाच्या बॅगा, लॅपटॉपच्या पिशव्या, सगळ्यांच्या चेन आणि पट्टे ती दुरुस्त करून द्यायची. जाड कापडावर चालणारं मशीन त्या भागात तिच्याकडंच होतं.

सर एका कॉलेजात खेळ शिकवायचे आणि सुट्टीत माणसं गोळा करून किल्ले चढायचे. या वेळी त्यांच्या क्लबनं मोठंच काम अंगावर घेतलं होतं. साल्हेरपासून आंबोलीपर्यंत, सह्याद्रीच्या माथ्यानं बत्तीस दिवस चालायचं, सगळं सामान पाठीवर घेऊन. निघायची तारीख एक डिसेंबर. एका कंपनीनं सॅक आणि तंबू दिले होते, पण सॅक सगळ्या एकाच मापाच्या होत्या.

"ताई, या उंच माणसांसाठी केल्यात," सर म्हणाले. "आमच्यातल्या निम्म्यांचे खांदे तासाभरात भरून येतात. काही करता येईल का?"

सुकन्यानं एक सॅक उलटी करून मांडीवर घेतली. पट्टे कुठं शिवलेत, पाठीतल्या धातूच्या पत्तीला कुठं बाक दिलाय, ते बोटांनी चाचपून बघितलं.

"वजन कमरेवर पायजे," ती म्हणाली. "हा कमरपट्टा हाडावर न बसता पोटावर बसतोय, म्हणून खांदे ओढतात. खांद्याचे पट्टे दोन बोटं खाली घेतले की काम हुईल. पन माणसं पाठवा. माणूस समोर नसंल तर माप कशाचं घेऊ?"

दोन आठवड्यांत पाच जण येऊन गेले. मानेखालच्या उंचवट्यापासून कमरेच्या हाडापर्यंत ती टेप लावायची, सॅकेत वाळूच्या पिशव्या भरून त्यांना बोळातून चालायला लावायची, मग परत मशीनवर बसायची. सहावी सॅक तशीच भिंतीला टेकून उभी होती. सर पाच सॅक न्यायला आले तेव्हा तिनं विचारलं, "ही कुणाची?"

"ठरलं नाही. एकाला रजा मिळत नाहीये."

"मी आले तर?"

सरांनी तिच्याकडं नीट बघितलं. चौतिशीची, काटक, हाताच्या बोटांना दोऱ्यानं पडलेले चरे. "डोंगरातलं वीस-बावीस किलोमीटर असतं रोज. पाठीवर बारा-चौदा किलो."

"माझे वडील वर्सातले सहा म्हैने चालायचे, सर. नऊ वर्साची हुईपर्यंत मीबी त्यांच्यासंगं चाललेय."

सर हसले नाहीत, एवढं मात्र तिनं लक्षात ठेवलं. ते म्हणाले, "जूनच्या शेवटच्या रविवारी सगळ्यांची परीक्षा आहे. सोलापूर ते तुळजापूर, दहा किलो घेऊन, एका दिवसात. ये."

सुकन्या मंद्रूपच्या पुढच्या एका वस्तीवरची. तिचा बाप बिरप्पा दिवाळी झाली की मेंढरं घेऊन भीमेच्या पलीकडं उतरायचा, पार विजापूरच्या खाली जायचा आणि मृगाच्या तोंडावर परत यायचा. नऊ वर्षांची झाल्यावर तिला शाळेसाठी चुलत्याकडं ठेवलं, तिथं तिचं चालणं संपलं. एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं, बाविसाव्या वर्षी ती परत आली. त्यावर ती कुणाशी बोलायची नाही. शिवणकाम शिकली, शहरात खोली घेतली. आई गेली, बिरप्पाच्या गुडघ्यांनी दगा दिला, मेंढरं विकली, तेव्हा बापालाही इकडं आणलं. सैफुल भागातल्या दोन खोल्यांत ती दोघं राहायची. सकाळी खोलीतून दुकानात, संध्याकाळी दुकानातून खोलीत. बारा वर्षं तिनं एवढंच केलं होतं.

तुळजापूरच्या परीक्षेत ती तिसरी आली. घाटाच्या चढावर तिनं दोन पोरांना मागं टाकलं, तेही न बोलता, मान खाली घालून. वर पोचल्यावर सरांनी तिला पाण्याची बाटली दिली आणि म्हणाले, "सुकन्या, सहावी सॅक तुझी."

त्या रात्री तिच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या. पण तिला हसू आवरत नव्हतं.

सोलापुरात डोंगर नाही. चढायचं तर कशावर, हा प्रश्न तिनं असा सोडवला. विजापूर रस्त्याला अकरा मजल्यांची एक इमारत बांधून होत आली होती, लिफ्ट अजून बसली नव्हती. तिथला वॉचमन चनमल्लप्पा अक्कलकोटकडचा. तिनं त्याच्याशी कानडीत बोलणं काढलं, बापाबरोबर फिरताना शिकलेल्या मोडक्यातोडक्या कानडीत, आणि त्यानं पहाटे पाचला दार उघडायचं कबूल केलं. आधी पाच किलो वाळू, मग आठ, मग बारा. सुरुवातीला दोन फेऱ्यांत छाती फुटायची वेळ यायची. ऑगस्ट संपेपर्यंत ती दहा फेऱ्या करू लागली. रविवारी होटगीच्या बाजूला जाऊन यायची, तीस-तीस किलोमीटर, ऊन डोक्यावर येईपर्यंत.

स्वतःच्या सॅकेवर तिनं जेवढं काम केलं तेवढं कुणाच्याच केलं नव्हतं. तिची पाठ आखूड, खांदे अरुंद. पट्टे काढून तिनं आतल्या बाजूला घेतले. कमरपट्ट्यातला स्पंज हाडापाशी टोचायचा, तो काढून दुसरा भरला. छातीचा पट्टा बायकांना नको तिथं काचतो, तो वर घेतला. दर रविवारी चालून आली की अंगावर कुठं लाल वळ उठलाय ते बघायची आणि सोमवारी तेवढीच शिवण उसवून परत घालायची.

बिरप्पा खाटेवरून हे सगळं बघत असायचा.

"लोकं चालाया लागू नये म्हनून गाड्या घेत्यात," एकदा तो म्हणाला. "आन् तू चालाया मिळावं म्हनून मरायलीस. कशापायी गं?"

"तुमाला चालाया आवडायचं न्हाई?"

"मला कुनी इचारलंच न्हाई कदी." त्यानं सॅकेकडं बोट दाखवलं. "पानी पाठीला लावून भर. जड ते पाठीला, हलकं ते भायेर. मागं ओढलं न्हाई पायजे."

तिनं तसं भरलं. खरंच मागं ओढलं नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांची रक्ततपासणी झाली. सुकन्याचं हिमोग्लोबिन दहा पूर्णांक दोन आलं. क्लबचा नियम अकराचा होता. सरांनी तिला कॉलेजात बोलावून घेतलं.

"घाबरू नकोस," ते म्हणाले. "सहा आठवडे आहेत. गोळ्या घे, नीट खा. नोव्हेंबरच्या मध्यात परत तपासू."

"अकरा झालं की?"

"अकरा झालं की प्रश्नच नाही."

तिनं गोळ्या सुरू केल्या. तोंडाला लोखंडाची चव यायची, पोट बिघडायचं, तरी एक दिवस चुकवला नाही. लिंबू पिळून पालेभाजी, शेंगदाणे, गूळ, खजूर. बिरप्पा खाटेवर बसून शेंगा सोलून द्यायचा. आणि जिने चालूच होते. चनमल्लप्पा म्हणायचा, "अक्का, तू या बिल्डिंगला पायानंच झिजवणार."

सोळा नोव्हेंबरला दुसरा रिपोर्ट आला, अकरा पूर्णांक आठ. ती तो कागद घेऊन, दुकान बंद करून, तडक कॉलेजच्या मैदानावर गेली. क्लबची माणसं सराव करत होती. सगळ्यांनी नवे टी-शर्ट घातले होते. सुकन्यानं मोजले. पाच जण तिच्या ओळखीचे. सहावी एक पंचविशीतली मुलगी, केसांचा पोनी बांधलेली, मोबाइल समोर धरून हसत काहीतरी बोलत होती. तिच्याही अंगात तोच टी-शर्ट होता.

सरांनी रिपोर्ट वाचला. मग घडी घालून परत तिच्या हातात दिला.

"बस जरा," ते म्हणाले.

"उभीच बरी हाय."

"सुकन्या, कंपनीची एक अट आली. रोज व्हिडिओ टाकायचा. कॅमेऱ्यासमोर नीट बोलणारं कोणीतरी त्यांना हवं होतं. ती संस्कृती, तिचे सायकलिंगचे व्हिडिओ खूप लोक बघतात. त्यांनीच तिचं नाव सुचवलं."

"कवा?"

"मागच्या महिन्यात."

"म्हंजे मला गोळ्या घ्यायला सांगितल्या तवा?"

"तेव्हा पक्कं नव्हतं."

"नावं कवा दिली?"

"दसऱ्याच्या सुमाराला."

तिनं मनात हिशेब केला. दसऱ्यानंतर ती दोनशेहून जास्त वेळा ते अकरा मजले चढली-उतरली होती.

"मग मला गोळ्या खाऊ कशाला दिल्या, सर?"

"तब्येतीला चांगल्याच असतात की त्या," सर म्हणाले. म्हणून झाल्यावर त्यांनाच ते कसंतरी वाटलं असावं, कारण त्यांनी मैदानाकडं मान वळवली. "पुढच्या वर्षी परत करणार आहोत. तेव्हा पहिलं नाव तुझं."

ती निघाली तेव्हा ते मागून म्हणाले, "सॅक क्लबची आहे, माहीत आहे ना तुला? ती तेवढी संस्कृतीच्या मापाची करून दे. दुसऱ्या कुणाला जमणार नाही."

नाही म्हणता आलं असतं. सुकन्यानं नंतर कितीदा तरी स्वतःला विचारलं की आपण तिथंच नाही का म्हणालो नाही. पण बारा वर्षं गिऱ्हाइकाला नाही म्हणायची सवय नव्हती, आणि दुसऱ्या कुणाला जमणार नाही हे तर खरंच होतं.

निघायला सहा दिवस उरले असताना संस्कृती दुकानात आली, एकटीच. ती वाईट मुलगी असती तर बरं झालं असतं. पण ती आल्या आल्या चप्पल बाहेर काढू लागली, सुकन्यानं नको म्हटल्यावरही. हातात बुटांचा खोका होता.

"ताई, तुमची जागा मी घेतली असं मला परवा कळलं," ती म्हणाली. "मला खरंच माहीत नव्हतं. मला सांगितलं की एक जण तब्येतीमुळं गळलं."

"असूद्या," सुकन्या म्हणाली. "पाठ फिरवा."

संस्कृतीची पाठ तिच्यापेक्षा दीड इंच लांब होती, खांदे रुंद होते. म्हणजे पाच महिने जी शिवण घातली ती सगळी उसवायची. तिनं संस्कृतीच्या समोरच ब्लेडनं टाके कापले. पट्टे बाहेर घेतले, वर घेतले. कमरपट्ट्यातला स्पंज बदलला. दोन तास मशीन चाललं. काम तिनं चोख केलं, एक टाकाही कमीजास्त नाही. मग बारा किलो वाळू भरून सॅक संस्कृतीच्या पाठीवर चढवली, आधी कमरपट्टा आवळला, मग खांदे, मग छाती.

"अय्या, वजन गेलं कुठं?" संस्कृती म्हणाली आणि हसली.

"बूट घाला. चालून दावा."

संस्कृतीनं खोक्यातले नवे बूट घातले, परदेशी कंपनीचे, देखणे. बोळातून ती दोनदा चालून आली. मग शेजारच्या इमारतीचा जिना चढली आणि उतरू लागली.

उतरताना सुकन्याला ते दिसलं. संस्कृती पाऊल सरळ टाकत नव्हती, किंचित तिरकं टाकत होती. प्रत्येक पायरीला बोटं आत आखडत होती आणि बुटाच्या टोकाला आतून फुगवटा येत होता. बूट लहान होते. सपाटीवर कळत नाही, दुकानात घालून बघताना तर मुळीच कळत नाही. वजन घेऊन तासन्‌तास उतरलं की पाय पुढं सरकतो आणि नखं बुटावर आपटत राहतात. सुकन्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. ऑगस्टमध्ये अकरा मजले उतरता उतरता तिच्या उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलं होतं आणि आठवड्यानं मोज्याबरोबर निघून आलं होतं. त्यानंतर तिनं एक नंबर मोठे बूट घेतले होते.

संस्कृती खाली आली. "अजून काही दिसतंय का, ताई? मला यातलं फारसं कळत नाही. स्पष्ट सांगा."

"डावा पट्टा एक बोट आवळा."

तिनं आवळला. "आणि काही?"

समोर रस्त्यावरून एक रिक्षा गेली. सुकन्यानं ती कोपऱ्यावर वळेपर्यंत बघितली.

"बाकी ठीक हाय," ती म्हणाली.

घरी जाताना तिनं स्वतःला पुष्कळ गोष्टी सांगितल्या. बूट विकणाऱ्यानं सांगायला हवं होतं. सर एवढे पंधरा वर्षं डोंगर चढतात, त्यांना दिसेल की. आपल्याकडं काम सॅकेचं होतं, बुटांचं नाही. संस्कृतीचा नंबर मोबाइलमध्ये होता. दोन दिवसांनी एकदा, चार दिवसांनी एकदा, तिनं तो काढला. बोट बटणावर ठेवलं आणि परत मोबाइल पर्समध्ये टाकला. एक डिसेंबरला ते साल्हेरवरून निघाले. आता काही सांगून उपयोग नाही, असं तिला वाटलं, आणि त्या विचारानं तिला हलकं वाटलं. त्या हलकं वाटण्याचीच तिला नंतर जास्त लाज वाटली.

व्हिडिओ रोज यायचे. पाच दिवस संस्कृती हसत बोलायची. सहाव्या दिवशी ती बसूनच बोलली. आठव्या दिवसापासून तिच्या जागी दुसरंच कुणीतरी बोलू लागलं.

अकराव्या दिवशी दुपारी सरांचा फोन आला.

"संस्कृतीचा पाय सुजलाय. नखात पू झालाय. डॉक्टर म्हणाले, आता चालायचंच नाही. तिच्या वडिलांनी गाडी ठरवलीय, उद्या पहाटे सोलापुरातून निघेल तिला न्यायला. तू त्याच गाडीत बस. उरलेले एकवीस दिवस तू चाल."

"आन् कंपनी?"

"कंपनीला आवडलंच. जिनं सॅक शिवली तीच ती घेऊन पुढं निघाली, ही गोष्ट लोकांना भावेल म्हणतात. येतेस ना?"

"येते."

तिला आनंद झाला. फोन ठेवल्यावर तिनं दोन गिऱ्हाइकांना परत पाठवलं, दुकान बंद केलं आणि घरी जाऊन बॅग भरली. बिरप्पाला एवढंच सांगितलं की एका पोरीला दुखापत झाली, तिच्या जागी बोलावलंय. त्यानं शेंगदाण्याची पुडी तिच्या बॅगेत टाकली.

माळशेज घाटाच्या वरच्या अंगाला एक वाडी होती. गाडी तिथं पोचली तेव्हा बारा वाजून गेले होते. शाळेच्या ओसरीवर सगळे बसले होते. मागं डोंगराची कड सरळ आभाळात गेलेली. सुकन्या गाडीतून उतरली आणि तिनं आधी तो डोंगर बघितला. मग तिनं संस्कृतीचे पाय बघितले.

दोन्ही पाय समोर बाकावर ठेवलेले. डाव्या पायाची तीन नखं नव्हती. उजव्याच्या अंगठ्याला पट्टी होती, पट्टीच्या वर पाऊल घोट्यापर्यंत टरारून सुजलं होतं, कातडी चकाकत होती. संस्कृतीचा चेहरा अर्धा झाला होता. तरी ती हसली.

"आलात, ताई. बरं झालं. पाठ एक दिवससुद्धा दुखली नाही बघा. एकदासुद्धा नाही."

सरांनी मोबाइल काढला. "सुकन्या, तू इथं उभी राहा. संस्कृती, तू बसूनच सॅक तिच्या हातात दे. दोन वाक्यं बोल. मग सुकन्या, तू बोल. जसं येईल तसं बोल, चालेल."

संस्कृतीनं सॅक दोन्ही हातांनी उचलली. "ही सॅक सुकन्याताईंनी शिवली," ती मोबाइलकडं बघून म्हणाली. "त्यांनी त्यांचं काम शंभर टक्के केलं होतं. चुकलं माझं. बूट घेताना मी कुणाला विचारलं नाही. तुम्ही निघाल तेव्हा ज्यांना कळतं त्यांना विचारा. आता पुढं सुकन्याताई चालणार आहेत, आणि मला त्याचा खूप आनंद आहे."

तिचा आवाज शेवटी फाटला. सॅक सुकन्याच्या हातात आली. सरांनी मोबाइल तिच्याकडं वळवला आणि मान हलवली.

"मी बघितलं हुतं," सुकन्या म्हणाली.

"मोठ्यानं बोल," सर म्हणाले.

"मी बघितलं हुतं. त्या दिवशी, जिना उतरताना. बूट लहान हायत ते मला दिसलं हुतं. मी बोलले न्हाई."

सरांनी मोबाइल खाली घेतला.

संस्कृतीला समजायला वेळ लागला. "मी विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली.

"व्हय."

"दोनदा विचारलं होतं."

"व्हय."

"मग?"

"मला यायचं हुतं," सुकन्या म्हणाली.

त्या पाच जणांपैकी एकानं उगाच आपल्या बुटाची नाडी सोडून परत बांधली. सर सुकन्याला हातपंपापाशी घेऊन गेले.

"मी तुला नेऊ शकत नाही," ते म्हणाले.

"मी चालू शकते, सर. जिने बंद केले न्हाईत मी."

"चालण्याचं नाही म्हणत. वर कड्याशी सगळी माणसं एकमेकांवर विसंबून असतात. उद्या कुणाचं काही चुकताना तुला दिसलं आणि तू गप्प बसलीस तर?"

"कड्याशी सांगीन."

"ते मला कसं कळणार?"

"तुमीबी न्हाई सांगितलं मला. दसऱ्यापासून सांगितलं न्हाई. रोज चढत हुते मी."

"ते वेगळं आहे."

"काय येगळं हाय?"

"त्यानं कुणाचा पाय नासला नाही," सर म्हणाले.

ते बरोबर बोलत होते. त्यांनी बरोबर असावं हेच तिला सहन होईना. एखाद्या परक्या माणसानं हे तोंडावर सांगितलं असतं तर तिनं खाली मान घालून ऐकलं असतं. या माणसाकडून ऐकताना तिचे दात एकमेकांवर घट्ट बसले.

सहाव्या सॅकेतलं सामान त्या पाच जणांनी आपापसांत वाटून घेतलं. रिकामी सॅक कुणीतरी गाडीच्या मागच्या बाजूला टाकली. मग सर पुढं आणि ते पाच जण मागं, असे ओळीनं शाळेमागच्या पायवाटेला लागले. सुकन्या ते बघत राहिली. तिसऱ्या माणसाचा उजवा पट्टा ढिला झाला होता, तो सारखा खांदा उडवत होता. तिनं हाक मारली, "डावीकडं जास्त वजन आलंय, उजवा पट्टा आवळा." त्यानं मागं वळून बघितलं नाही. ऐकू आलं की नाही कोण जाणे.

परतीच्या गाडीत संस्कृती मागच्या सीटवर पाय लांब करून बसली, सुकन्या ड्रायव्हरशेजारी. आळेफाट्याला गाडी थांबली. सुकन्यानं दोन चहा आणले आणि एक खिडकीतून आत धरला. संस्कृतीनं मान दुसरीकडं केली. तो कप ड्रायव्हरनं घेतला.

पुणे गेलं. इंदापूर गेलं. उजनीचं पाणी संध्याकाळच्या उजेडात दोन्ही बाजूंना पसरलं होतं. त्यानंतर कधीतरी मागून आवाज आला.

"मी हे व्हिडिओत सांगणार नाही."

सुकन्या वळली नाही.

"तुमच्यासाठी नाही," संस्कृती म्हणाली. "लोक मलाच हसतील. साधे बूट घेता आले नाहीत आणि निघाली सह्याद्री चालायला, म्हणतील."

"न्हाई हसणार."

"तुम्हाला काय माहीत?"

बरोबरच होतं. तिला काय माहीत. रात्री गाडी सोलापुरात शिरली. घरासमोर संस्कृतीच्या वडिलांनी तिला उचलून आत नेलं. त्यांनी सुकन्याला नमस्कार केला, आत येऊन जेवून जा म्हणाले. त्यांना अजून कुणी काही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिरप्पा उन्हाच्या तिरपीत बसून गुडघ्यांना तेल चोळत होता. त्यानं विचारलं नाही. सुकन्यानंच सांगितलं, पहिल्यापासून, काही न वगळता. तो चोळत राहिला. सांगून झाल्यावर तो बोलला.

"मेंढराच्या खुरात काटा दिसला तर मी ऊन बघितलं न्हाई, पानी बघितलं न्हाई. मागं ऱ्हायलो तरी चालंल, पन आदी काटा काडला."

"मेंढरं आपली हुती, आप्पा."

बिरप्पानं तेलाची वाटी खाली ठेवली. "मग ती पोरगी कुनाची हुती?"

सुकन्या दारात गेली. शाळा सुटायच्या आत दोन दप्तरांच्या चेन बसवून द्यायच्या होत्या. तिनं चपला घातल्या, किल्ल्या घेतल्या आणि ती दुकानाला निघून गेली.